तपकिरी तारा, मरणाऱ्या गोगलगाई आणि एका जागी न थांबणारं पाणी: रीफ टँकवाल्यांचा (घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणाऱ्यांचा) सल्ला हवा

खारा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

टँक ३६ × १८ × १८ इंच, खाली संप (पंप-फिल्टर ठेवायची दुसरी टाकी). खडक-वाळू वजा जाता एकूण पाणी साधारण २०० लिटर. आठ महिने चालू आहे, सुरुवात पूर्णपणे ड्राय रॉकवर (जीव नसलेला कोरडा खडक), तळाला इंचभर अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू. प्रवाळ सगळे मऊ: झोअँथिड, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लेदर. दोन क्लाउन आणि एक ब्लेनी असे तीन मासे, एक क्लीनर कोळंबी.

वाळूवर आणि खडकाच्या वरच्या बाजूला तपकिरी, शेंबडासारखा थर येतो. त्यातून तारा सुटतात आणि तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. सकाळी दिवे लागायच्या आधी वाळू बऱ्यापैकी पांढरी दिसते, दुपारी चारपर्यंत पुन्हा सगळं माखलेलं. सायफनने ओढून काढलं की दोन दिवसांत परत. ट्रोकस गोगलगाई उलट्या पडून मरत आहेत. झोअँथिड अर्धवट मिटलेले.

आकडे: नायट्रेट ० (सॅलिफर्टचं टेस्ट किट). फॉस्फरस चेकरवर (हातात मावणारं मोजयंत्र) कधी ०, कधी ३ पीपीबी (अब्जात भाग). अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची क्षमता) आठवड्यात ७.२ ते ९.४ डीकेएच (तिचं एकक) कुठेही. क्षारता ३४ ते ३६.५ पीपीटी (हजारात भाग). तापमान रात्री २६, दुपारी २९.५. संपमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) रिअॅक्टर चालू, शिवाय नायट्रेट कमी करणारं कार्बन डोसिंग (जिवाणू वाढवायला सेंद्रिय कार्बन घालणं). दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलतो. टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) हाताने, पाणी घरच्या आरओचं.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर असताना शेवाळ येतंच कसं? जीएफओ आणखी वाढवू का?

---

प्रवाळपाटील

जीएफओ वाढवू नका, आजच बंद करा. शेवाळ शून्य नायट्रेट-फॉस्फेट असूनही येत नाहीये, त्या शून्यामुळेच येतंय.

तुम्ही सांगितलेली लक्षणं डायनोफ्लॅजेलेट्सची (थोडक्यात डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) आहेत. दिवसा जमणं, रात्री विरळ होणं, तारा आणि बुडबुडे, गोगलगाई मरणं हे चारही एकत्र असलं की डायटम (सिलिकेटचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) किंवा सायनोची (सायनोबॅक्टेरिया) शक्यता फार कमी उरते. डायटमची तपकिरी पूड असते, बोटाने पुसली की उडते, तिच्या तारा होत नाहीत. सायनोचा पापुद्रा निघतो, चादर ओढल्यासारखा अख्खा, आणि रंग बहुतेकदा लालसर किंवा जांभळट.

साध्या पाण्यात खडकावर हिरवं शेवाळ, जिवाणू, डायटम, कोरलाइन (खडकावर चढणारं कडक शेवाळ) असे पन्नास जण जागेसाठी भांडत असतात. नायट्रेट-फॉस्फेट तळाला गेलं की हे सगळे उपाशी पडतात आणि जागा मोकळी होते. डायनोंपैकी बरेच प्रकाशावर जगतातच, शिवाय दुसऱ्या पेशी आणि जिवाणू गिळूनही भागवतात. म्हणजे उपासमारीत टिकणारे तेवढे हेच. त्यात ड्राय रॉकवर मुळात विविधता कमी. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून जिवंत खडक उचलून आणायचा विचारही करायचा नाही. म्हणून इथले बहुतेक टँक ड्राय रॉकवरच सुरू होतात आणि सहाव्या ते दहाव्या महिन्यात डायनोंचे धागे निघतात.

तुमच्या चेकरच्या ३ पीपीबीबद्दल. तो आकडा फॉस्फरसचा आहे, फॉस्फेटचा नाही. ३.०६६ ने गुणायचं, मग ९ पीपीबी, म्हणजे ०.००९ पीपीएम (दशलक्षात भाग) फॉस्फेट. यंत्राची स्वतःची चूकच ५ पीपीबी अधिक-उणे आहे. थोडक्यात, ० आणि ३ हे दोन्ही वाचन एकच समजा: काहीही नाही.

उपायाआधी खात्री करा. एक: टँकच्याच १०० मिलि पाण्यात थोडा शेंबूड घ्या, बाटली मिनिटभर जोरात हलवा, कॉफी फिल्टर किंवा दुहेरी जाड टिश्यूमधून गाळा. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते काचेच्या ग्लासात टँकच्या दिव्याखाली तासभर ठेवा. पुन्हा तारा जुळल्या तर डायनो. सायनो असेल तर तो गाळणीवरच राहतो, पाणी स्वच्छच राहतं.

दोन, आणि हे टाळू नका: सूक्ष्मदर्शक. शाळा-कॉलेजच्या लॅबमधला ४०० पटीचा असेल तर उत्तम, नाहीतर फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाची १४० पटही हालचाल ओळखायला पुरते. तिळासारखा एका टोकाला निमुळता, आणि त्या टोकाभोवती खिळल्यासारखा गोल गोल फिरणारा दिसला तर ऑस्ट्रिऑप्सिस. चपटा, लंबगोल, वाळूच्या कणांवरून सरपटल्यासारखा वाकडातिकडा जाणारा, तर अँफिडिनियम. दोघांचे उपाय वेगळे आहेत. न बघता यूव्ही (अतिनील दिव्याने पाण्यातल्या पेशी मारणारं यंत्र) विकत घेतलात तर पैसे पाण्यात जायची शक्यता निम्मी.

---

बोंबील_बहाद्दर

एवढं शास्त्र कशाला? तीन दिवस पूर्ण अंधार. टँकला काळी ताडपत्री गुंडाळा, रोज हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, चौथ्या दिवशी वाळू चकाचक. मऊ प्रवाळांना तीन दिवसांनी काही होत नाही.

---

प्रवाळपाटील

चौथ्या दिवशी चकाचक, हे खरं. दहाव्या दिवशी काय, ते सांगा की राव. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट शून्यच ठेवून अंधार केला तर डायनो वाळूत दबा धरून बसतात किंवा पाण्यात तरंगत राहतात, आणि दिवे लागल्यावर मोकळ्या जागेवर परत तेच पहिले. अंधार हा यूव्हीला जोड म्हणून उपयोगी, एकटा नाही.

पेरॉक्साइडचं माप लिहायला हवं होतं. परदेशी धाग्यांवर ३ टक्क्यांच्या द्रावणाचं १ मिलि दर ३८ लिटरला असं असतं. आपल्या मेडिकलमध्ये बहुतेक वेळा '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, ती ६ टक्क्यांची असते. म्हणजे २०० लिटरला ५ मिलि नव्हे, अडीच मिलि. आणि यांच्याकडे क्लीनर कोळंबी आहे. लिस्माटा जातीच्या कोळंब्यांना पेरॉक्साइड सोसत नाही. या टँकमध्ये मी तरी ते सुचवणार नाही.

---

मीठ_३५

डायनोबद्दल पाटलांशी सहमत. पण धाग्याच्या शीर्षकात पाणीसुद्धा आहे आणि तिकडे कुणी बघत नाहीये. क्षारता, अल्कलिनिटी आणि तापमान रोज हलत असेल तर जे जिवाणू आणि शेवाळ तुम्हाला वाढवायचे आहेत तेही नीट बसत नाहीत.

आधी एक काळजीचा प्रश्न. 'घरच्या आरओचं पाणी' म्हणजे स्वयंपाकघरातला प्युरिफायर का? त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळलं जातं. वर मिनरल कार्ट्रिज. आणि हल्लीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तांब्याचं कार्ट्रिजसुद्धा. माणसाला चालतं, गोगलगाई आणि कोळंबीला तांबं म्हणजे विष. तुमच्या गोगलगाई डायनोच्या विषाने मरत असतील किंवा तांब्याने, लक्षण एकच: उलट्या पडतात, पाय ओढून घेत नाहीत. कोळंबी ठणठणीत आहे त्यावरून मला तांब्याची शंका कमी वाटते, पण प्युरिफायरवर कुठेही 'कॉपर' लिहिलं असेल तर ते पाणी आजपासून बंद.

लागणारी गोष्ट आरओडीआय: गाळ कार्ट्रिज, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे). बाहेर येणारं पाणी टीडीएस मीटरवर ० हवं. 'आरओनंतर १०-१५ येतं, चालतंय की' हे चालत नाही, कारण त्या १०-१५ मध्ये सिलिकेट असू शकतं. रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं, तेही मीटर हलायच्या आत. म्हणून दोन रेझिन एकापाठोपाठ लावा. पहिल्यानंतर मीटरने १ दाखवलं की ते फेकायचं, दुसरं पुढे सरकवायचं आणि नवीन मागे. सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येत असेल तर ८०० टीडीएसमधून मेंब्रेननंतरही २०-४० उरतं आणि रेझिन बघता बघता संपतं. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारचं पहिलं पाणी गढूळ, ते युनिटमध्ये घेऊ नका.

क्षारता. ३४ ते ३६.५ हा झोका दोन कारणांनी येतो. एक, हाताने टॉप-अप. पंखे चालू असताना पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये अशा टँकमधून दिवसाला ४ लिटर सहज उडतं. २०० तून ४ गेले की ३५ चे ३५.७ होतात. दोन दिवस विसरलात की ३६.५. दुसरं कारण रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून क्षारता मोजणारं उपकरण). आरओच्या पाण्यावर शून्य केला म्हणजे ३५ ला बरोबर असतोच असं नाही. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओडीआय पाणी हे वजन करून मिसळा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी दाखवायला हवं. नाही दाखवलं तर स्क्रू तिथे जुळवा, शून्यावर नाही. बाटली घट्ट बंद ठेवा, पाणी उडालं की प्रमाण बिघडलं.

एटीओ (आपोआप टॉप-अप करणारी सोय) बसवा. साधा फ्लोट स्विच आणि छोटा डीसी पंप पुरतो, पण टाकी मोठी ठेवायचा मोह टाळा. स्विच अडकला आणि २० लिटरची टाकी पूर्ण रिकामी झाली तर ३५ चे ३१.८ होतील; १० लिटरची असेल तर ३३.३. दुसऱ्या प्रसंगातून टँक सावरतो. फ्लोट रिटर्न पंपाच्या कप्प्यातच लावा, कारण पाण्याची पातळी फक्त तिथेच खालीवर होते, आणि त्याला जाळीचा पिंजरा करा. गोगलगाय फ्लोटवर चढून बसणे हा या छंदातला जुना विनोद आहे.

अल्कलिनिटी. मऊ प्रवाळांच्या टँकचा खप दिवसाला ०.१-०.३ डीकेएचच्या पुढे जात नाही. मग ७.२ चे ९.४ कसे होतात? तुमचं मीठ कुठलं ते सांगितलं नाहीत, पण 'रीफ' किंवा 'प्रो' प्रकारची काही मिठं मिसळल्यावर ११-१२ डीकेएच देतात. ७.५ च्या टँकमध्ये १२ चं पाणी २० टक्के घातलं की एका झटक्यात ०.९ वाढ. त्यावर 'कमी दिसतंय' म्हणून बफर टाकला की झालं. नवीन पाणी मिसळून झाल्यावर त्याची अल्कलिनिटी मोजा, आणि शक्य असेल तर ८ च्या आसपासचं मीठ घ्या.

बफरसाठी महागड्या बाटल्या नकोत. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. २०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम. अर्धा लिटर आरओडीआय पाण्यात पूर्ण विरघळवून संपमधल्या जोराच्या प्रवाहात हळूहळू ओतायचा. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त उडी नको. ठरलेल्या एकाच वेळी मोजा, कारण सकाळचा आणि रात्रीचा आकडा थोडा वेगळा येतोच. ७.५ ते ८.५ मध्ये कुठेही स्थिर राहिलं तरी पुरे. ८.५ च हवं असा हट्ट कशाला?

कुणीतरी विचारायच्या आत सांगतो: पानाचा चुना टाकू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच असतो, पण बाकी काय काय असतं ते डबीवर लिहिलेलं नसतं. शिवाय या टँकचा खप इतका कमी आहे की चुन्याच्या निवळीची गरजच नाही.

तापमान. साडेतीन अंशांची रोजची चढउतार जास्त आहे. एसटीसी-१००० सारखा कंट्रोलर घ्या, कूलिंगच्या रिलेवर पंखे, हीटिंगच्या रिलेवर हीटर, मधला आकडा २७, फरक अर्धा अंश. कोरड्या हवेत पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं. हेच मुंबईत जुलैमध्ये करायला गेलात तर हवेतच एवढा दमटपणा असतो की पंखा नुसताच फिरतो. तिथे चिलरला पर्याय नाही. पुण्यात उन्हाळा पंख्यावर निघतो, फक्त एटीओ हवाच, कारण थंडावा म्हणजे उडालेलं पाणीच.

---

खारा_कोथरूड

सगळ्यांचे आभार. प्युरिफायरवर 'कॉपर' लिहिलेलं नाही, पण टीडीएस कंट्रोलर आहे. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६२. आरओडीआय मागवलं आहे. मिसळलेल्या मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी ११.८ निघाली.

गाळायची चाचणी केली, तासाभरात तारा जुळल्या. मायक्रोस्कोपखाली एका टोकाला निमुळत्या पेशी, त्या टोकाभोवती गरगर फिरतात. वाळूतल्या नमुन्यातही तेच, सरपटणारे दिसले नाहीत.

आता यूव्ही किती वॅटचा, कुठे लावायचा? आणि नायट्रेट-फॉस्फेट वाढवायचं कसं? मासे तीनच आहेत, खाणं दुप्पट केलं तर?

---

प्रवाळपाटील

ऑस्ट्रिऑप्सिस. त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण हा रात्री वाळू सोडून पाण्यात येतो आणि तिथे यूव्हीच्या तावडीत सापडतो. अँफिडिनियम वाळूतच राहतो, त्याला यूव्ही शिवतही नाही. त्याच्यासाठी सिलिकेट टाकून डायटम वाढवावे लागतात, तो वेगळा धागा होईल.

यूव्ही: दर ११-१२ लिटरला १ वॅट, म्हणजे तुम्हाला १५ ते १८ वॅटचा खरा स्टेरिलायझर. फिल्टरच्या आत ५ वॅटचा दिवा बसवलेले जे 'ग्रीन किलिंग' प्रकार मिळतात ते तळ्यातल्या हिरव्या पाण्यासाठी ठीक, इथे कमी पडतील. प्रवाह ताशी २०० ते ६०० लिटर, म्हणजे टँकचं पाणी तासाला एक ते तीनदा त्यातून जावं. पंप जोराचा लावला की पेशी दिव्यासमोर पुरेसा वेळ थांबत नाही.

आणि यूव्ही संपमध्ये लावू नका. पाणी मुख्य टँकमधून घ्या, मुख्य टँकमध्येच सोडा. रात्री सुटलेले डायनो असतात वर, संपपर्यंत पोचणारे त्यातले थोडेच. काठावर दोन पाइप लटकलेले दिसतील, महिना-दीड महिना सहन करा. चोवीस तास चालू. क्वार्ट्झची नळी दर महिन्याला पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, तिच्यावर कॅल्शियमचा थर बसला की प्रकाश आतच राहतो. दिवा ८-९ हजार तासांनी निळा दिसत असला तरी निकामी समजायचा. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

यूव्ही बसल्यावर बोंबीलरावांची ताडपत्री काढा, आता तिचा उपयोग आहे. तीन दिवस अंधार, यूव्ही चालू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू, एअर स्टोन जादा. अंधारात शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही आणि मेलेल्या पेशी कुजताना उरलासुरला खातात. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. या तीन दिवसांसाठी मोठं लोडशेडिंग नसलेला आठवडा निवडा. गुरुवारी महावितरणचं काम असतं ते लक्षात असू द्या. यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि पॉवर बँक तयार ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर गुरगुरतो आणि तापतो, डीसी वेव्हमेकरला (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) फरक पडत नाही.

मेलेला ऑस्ट्रिऑप्सिस विष पाण्यात सोडतो. १००-१५० ग्रॅम चांगला अॅक्टिव्हेटेड कार्बन आरओडीआयमध्ये धुऊन पिशवीत किंवा रिअॅक्टरमध्ये, ८-१० दिवसांनी बदला. हातमोजे घाला. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर याच ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला तेव्हा लाटांच्या तुषारांमधून त्रास होऊन सुमारे २०० जणांना उपचार घ्यावे लागले होते. टँकमध्ये तेवढं प्रमाण नसतं, पण सायफन तोंडाने ओढायची सवय असेल तर ती मोडा. झोअँथिड लागलेला खडक गरम पाण्याने धुणे किंवा उकळणे हाही प्रकार करू नये. त्यांच्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात पाठवू शकते.

पाणी बदलणं तूर्त थांबवा. नवीन मिठाच्या पाण्याने तुम्ही वाढवलेलं नायट्रेट-फॉस्फेट पातळ होतं. सायफनने काढलेलं पाणी ५ मायक्रॉनच्या सॉकमधून (मोज्यासारखी गाळणी) गाळून परत टँकमध्येच घाला, सॉक लगेच गरम पाण्यात धुवा.

---

रसायनवाली

नायट्रेट-फॉस्फेटचा हिशोब मी देते.

खाणं दुप्पट करण्याबद्दल: चालतं, पण त्यातून फॉस्फेट किती आणि नायट्रेट किती हे तुमच्या हातात राहत नाही, आणि कुजायला वेळ लागतो. सरळ क्षार टाकलेले बरे. लक्ष्य नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१.

लागणारे दोन क्षार, दोन्ही एलआर किंवा एआर (प्रयोगशाळेत वापरायच्या) ग्रेडचे, लॅबला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतात: पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट. गावाकडे शेती असणाऱ्यांना ओळखीचे वाटतील, कारण हेच १३:०:४५ आणि ०:५२:३४. आकडे बघितले तर ०:५२:३४ जवळजवळ शुद्ध मोनोपोटॅशियम फॉस्फेट असतं. तरीही लॅबचंच घ्या. खताच्या पिशवीत जड धातूंचं प्रमाण पिकाला चालेल इतकं ठेवलेलं असतं, झोअँथिडला चालेल इतकं नाही, आणि तुम्हाला लागणार एकूण चमचाभर. चुकूनही १९:१९:१९ किंवा १२:६१:० आणू नका, त्यात अमोनियम आहे. सूक्ष्म अन्नद्रव्ययुक्त असं लिहिलेलं तर अजिबात नको, त्यात तांबं आणि जस्त घातलेलंच असतं.

नायट्रेटचं द्रावण: १६.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आरओडीआय पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलि करा. १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम नायट्रेट, तुमच्या २०० लिटरमध्ये ते ०.५ पीपीएम. रोज ४ मिलि, म्हणजे २ पीपीएम. पोटॅशियमची काळजी नको; ५ पीपीएम नायट्रेटमागे ३ पीपीएम पोटॅशियम वाढतं, समुद्रात ते ४०० च्या घरात आहे.

फॉस्फेटचं द्रावण: १.४३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट, एकूण १ लिटर. १ मिलिमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट, २०० लिटरमध्ये ०.००५ पीपीएम. रोज ६ मिलि म्हणजे ०.०३. तराजू ०.०१ ग्रॅमचा हवा. सोनाराकडचा नको, ऑनलाइन मिळणारा खिशातला काटा चालतो. बाटल्यांवर ठळक लिहा आणि फॉस्फेटची बाटली फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर तिच्यातच बुरशी धरते.

पहिले काही दिवस वैताग येईल. संध्याकाळी ०.०३ टाकलं, दुसऱ्या दिवशी चेकरवर पुन्हा ०. हे फॉस्फेट ड्राय रॉक आणि अरागोनाइट शोषून घेतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. पृष्ठभाग भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. डोस दुप्पट करायची घाई करू नका. रोज मोजा, रोज तेवढंच टाका. आकडा दिसायला लागला की त्यानंतर डोस निम्म्यावर आणा. घाईत भरपूर ओतलं तर खडक तेच फॉस्फेट पुढे महिनोन्महिने परत सोडत बसेल आणि तुम्ही केसाळ शेवाळाचा धागा काढाल.

कार्बन डोसिंग आठवडाभरात उतरवत बंद करा. एकदम थांबवलं तर वाढलेले जिवाणू एकदम मरतात आणि पाणी गढूळ होतं. जीएफओ मात्र आजच काढा, त्याला उतरवायची गरज नाही. डायनो संपल्यावरही जीएफओ परत लावायचा झाला तर फॉस्फेट ०.१५ च्या वर गेल्यावरच, आणि डब्यावरच्या मापाच्या चौथ्या हिश्श्याने.

चेकर वापरताना काचेची कुपी बाहेरून मायक्रोफायबरने पुसा, शून्य करताना आणि वाचताना तीच कुपी त्याच दिशेने बसवा. बोटाचा एक ठसा ५-१० पीपीबी दाखवतो. पावडर तळाशी राहिली की आकडा कमी येतो, दोन मिनिटं नीट फिरवा, बुडबुडे बसू द्या.

---

भरती_ओहोटी

मध्येच विचारतो: एवढ्या खटपटीपेक्षा अलिबागहून समुद्राचं पाणीच आणलं तर? नैसर्गिक जिवाणूही मिळतील.

---

मीठ_३५

मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचं पाणी नको. सांडपाणी, खाड्यांचा गाळ, बोटींचं तेल; पावसाळ्यात तर क्षारता कुठच्या कुठे उतरते. खडकांवर झोअँथिड दिसतात म्हणून पाणी टँकला योग्य ठरत नाही, ते भरती-ओहोटी आणि उन्हातही जगतात. विविधता हवी असेल तर ओळखीच्या, निरोगी, जुन्या टँकमधला मूठभर खडकाचा चुरा आणि वाळूचा कपभर वरचा थर मागा. त्याच्या टँकमध्ये व्हॅलोनियाचे हिरवे फुगे किंवा आयप्टेसिया (झपाट्याने पसरणारे उपद्रवी अॅनिमोन) नाहीत ना, ते डोळ्यांनी बघून घ्या.

---

खारा_कोथरूड

क्रम विचारतो: यूव्ही यायला चार-पाच दिवस लागतील. तोपर्यंत क्षार टाकायला सुरुवात करू? त्याने डायनोंनाही खायला मिळणार नाही का?

---

रसायनवाली

आजपासून टाका. डायनोंना मिळेल, पण ते आता जगतच आहेत. वाट बघताहेत ते बाकीचे. पहिल्या आठवड्यात शेंबूड थोडा वाढलेला दिसला तरी डोस थांबवू नका.

---

प्रवाळपाटील

तोवर दिव्यांचे तास सहावर आणा, पांढरा आणि लाल चॅनल खाली, निळा तसाच. रोज सकाळी दिवे लागायच्या आधी नाही, दुपारी थर जमलेला असताना सायफन करा, सॉकमधून. सकाळी ओढलंत तर डायनो पाण्यात असतात आणि तुम्ही नुसती वाळू धुता.

दोन-तीन आठवड्यांनी खडकावर हिरवा पापुद्रा आणि काचेवर हिरवी धूळ दिसेल. ती खरवडायची घाई करू नका, तेच हवं होतं. वाळूवर लाल सायनोही येऊन जाऊ शकतो. त्याला अँटिबायोटिक टाकू नका, प्रवाह थोडा वाढवा, पापुद्रा ओढून काढा. केसाळ हिरवं शेवाळ बोटभर झालं तर हाताने उपटा. ट्रोकस परत आणायच्या, पण विषाची खात्री झाल्याशिवाय नाही: आधी दोन आणा, आठवडाभर त्या काचेवर फिरत राहिल्या की बाकीच्या.

पिसासारखी फांदी असलेलं, उपटून न निघणारं शेवाळ दिसलं तर ते ब्रायोप्सिस, त्याला गोगलगाई तोंड लावत नाहीत. फ्लुकोनाझोल लिटरला ५ मिलिग्रॅम, तुमच्या टँकला दीडशेच्या सात गोळ्या, दोन-तीन आठवडे कार्बन आणि यूव्ही बंद ठेवून. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि त्याची वेळ आली तर आधी फोटो टाका.

---

बोंबील_बहाद्दर

ताडपत्रीचं श्रेय मिळालं, समाधान आहे. एक राहिलं: अंधाराच्या तीन दिवसांत माशांना अधूनमधून चिमूटभर खाणं टाका, ताडपत्रीची कड उचलून. क्लाउन उपाशी राहिले तर फरक पडत नाही, ब्लेनीला पडतो. तो शेवाळावर जगतो आणि डायनो खात नाही, त्याचं पोट आत्ताच खपाटीला गेलेलं असेल. नोरीची (वाळवलेलं समुद्री शेवाळ) पट्टी क्लिपला लावून ठेवा.

---

मीठ_३५

आणि एटीओ बसवल्यावर एकदा रिटर्न पंप मुद्दाम बंद करून बघा. वरचं पाणी परतीच्या पाइपमधून संपमध्ये उतरतं, ते संपच्या काठाखाली किती थांबतं तिथे मार्करने रेघ मारा. थांबलंच नाही तर नोझल पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली आणा. वीज गेल्यावर जमिनीवरचं मिठाचं पाणी खालच्या फ्लॅटच्या छतावर उतरलेलं कुणालाच आवडत नाही.